वाडेकरांचा होकार

यंदा जूनपासून विभागप्रमुखपद आमच्याकडे आले आणि आमचे तास निम्म्यावर आले. भाईंदरहून सकाळच्या लोकलमध्ये चौथी सीट मिळवून पूर्वी आम्ही कविता चाळत असू. आता वेळापत्रक चाळतो. कोणता तास कोणी घ्यायचा हे ठरवणे म्हणजे काही शिकवणे नव्हे, ही खंत मनाला लागून राहिली होती. अशा वेळी अजित वाडेकर आठवले.

फलंदाज म्हणून वाडेकरांची नोंद माफकच आहे : ३७ कसोटी, २११३ धावा, एकच शतक. पण १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत त्यांच्या नेतृत्वाखाली मालिका जिंकल्या गेल्या. जमैकात पहिला दिवस पावसात वाहून गेला, तेव्हा फॉलोऑनची मर्यादा १५० धावांवर येते, हे त्यांनीच सोबर्स यांना सांगितले. खेळाडूच्या अंगातला व्यवस्थापक तेव्हाच जागा होता म्हणायचा. ओव्हलवर मात्र अखेरच्या दिवशी ते लवकर धावबाद झाले आणि विजयाच्या क्षणी ड्रेसिंगरूममध्ये चक्क झोपले होते, असे सांगतात. पुढे १९७४ मध्ये इंग्लंडमध्येच ०-३ अशी हार पत्करावी लागली. लॉर्ड्सवर दुसरा डाव ४२ धावांत आटोपला. त्या दौऱ्यानंतर वाडेकर पुन्हा कसोटी खेळले नाहीत.

१९९० च्या दशकात ते व्यवस्थापक होऊन संघात परतले. १९९३ मध्ये भारताने मायदेशी इंग्लंडला ३-० असे हरवले. हिशेब असा चुकता झाला. तरी आम्हांला मोलाचा वाटतो तो २७ मार्च १९९४ चा ऑकलंडमधला दिवस. सिद्धूची मान आखडली होती. सचिन तेंडुलकरने सलामीला जाऊ देण्याची गळ घातली. कर्णधार अझरुद्दीन आणि वाडेकर यांनी होकार दिला. ४९ चेंडूंत ८२ धावा झाल्या. धावफलकावर त्या होकाराची नोंद नाही.

आमच्या एका तरुण सहकारी बाईंनी तृतीय वर्षाचा कवितेचा तास मागितला आहे. तो आम्ही स्वतःसाठी राखून ठेवला होता. आज वेळापत्रकात तिथले आमचे नाव खोडून त्यांचे लिहिले. त्या तासाला ओव्हलवरच्या वाडेकरांसारखी निश्चिंत झोप आम्हांला लागेल, असे मात्र वाटत नाही.