बांधलेलें आणि सुटें

उंदराच्या गर्भांत एक विलक्षण प्रकार घडतो. नर पिलाच्या वृषणांतून निघालेल्या टेस्टोस्टेरोनपासून मेंदूंत इस्ट्रोजेन बनतें, आणि ज्यास आपण स्त्रीत्वाचें द्रव्य म्हणतों तेंच त्या मेंदूस पुरुषी वळण लावितें! मग मातेच्या इस्ट्रोजेननें मादी पिलेंही तशींच कां होत नाहींत? कारण गर्भाच्या रक्तांतील अल्फा-फीटोप्रोटीन नांवाचें प्रथिन त्यास बांधून ठेवितें व मेंदूपर्यंत जाऊं देत नाहीं. २००६ सालीं ज्युली बाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें प्रथिन नसलेल्या माद्या तपासल्या. त्या नरांप्रमाणें वागत. गर्भावस्थेंतच औषधानें इस्ट्रोजेनची उत्पत्ति थांबविली, तेव्हां मात्र त्यांचें वर्तन माद्यांचेंच राहिलें.

मनुष्याच्या शरीरांत ही योजना निराळी आहे. आपलें यकृत एक खास ग्लोब्युलिन बनवितें. हीं संप्रेरकें स्निग्ध कुळांतलीं आणि रक्त पाणीदार; म्हणून त्या ग्लोब्युलिनाच्या व अल्ब्युमिनाच्या आश्रयानें तीं वाहतात. अगदीं सुटा भाग शेंकडा एक-दोनच, आणि पेशींत शिरून काम करणारा मुख्यत्वें तोच, असें बहुतेक तज्ज्ञ मानतात. पक्ष्यांत हें ग्लोब्युलिन मुळींच नसतें. सर्वांस एकच धडा घालण्याची आम्हां पंतोजींची खोड सृष्टीस नाहीं, हें बरें!

या विषयाकडे आम्ही वळलों तें घरांतील एका मुलीमुळें. आमच्या पुतणीच्या हनुवटीवर राठ केस येऊं लागले व मासिक धर्म अनियमित झाला. एका डॉक्टरांनीं टेस्टोस्टेरोन मोजून "सर्व ठीक आहे" म्हणून सांगितलें. घरांतही मग तिच्या तक्रारीस मनाचे खेळ हें नांव पडलें. पोर जेवणाच्या पंक्तीस येईनाशी झाली. पुढें दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनीं वाहक ग्लोब्युलिन मोजविलें, तें फारच कमी निघालें. शरीरांत इन्सुलिन वाढलें कीं यकृत तें कमी बनवितें. म्हणजे एकूण टेस्टोस्टेरोन मर्यादेंत, परंतु सुटें अधिक. कणगींतील धान्य मोजून ताटांत किती वाढलें हें कसें कळावें?

उपचार चालू आहेत. गुण सावकाश येईल असें बाईंनीं बजाविलें आहे. आमच्या वहिनींनीं मात्र "सारखी आरशांत काय पाहतेस" असें तिला म्हणणें त्या दिवसापासून सोडलें.