नाताळबाबा आणि लाकडाचा बैल

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लेकीचा पुण्याहून फोन आला. "आई, चोवीसला सकाळी पोचतो आम्ही. एक पार्सल तुझ्या पत्त्यावर टाकलंय, फोडू नकोस. कुठेतरी वर ठेवून दे. आणि हे बघ, त्याला सान्ताबद्दल काही सांगू नकोस हं. तुझा काही भरवसा नाही."

नातू आठ वर्षांचा. पुण्यात त्यांच्या सोसायटीत दर नाताळला लाल डगला आणि कापसाची दाढी लावून कोणीतरी येतो, पोरांना चॉकलेटं वाटतो. शिवाय रात्री उशाशी एक भेट आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी मराठीत असते, हा लेकीचा आग्रह. सान्ता आला तरी चालेल, पण त्यानं मराठीतच लिहायचं!

"तुझा भरवसा नाही" हे मात्र मला लागलं. कारण ते खरं होतं.

तर ती जुनी गोष्ट आधी सांगते. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पितृपक्ष चालू होता. त्या दिवशी गणपती दूध पितो अशी बातमी दिल्लीकडून निघाली आणि दुपारपर्यंत खेड्यापाड्यांत पोचली. तेव्हा मोबाइल नव्हते, तरी पोचली. मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका होते. मधल्या सुट्टीनंतर अर्धा वर्ग गायब. सगळे देवळात, हातात वाटी-चमचा. घरी आले तर शेजारीण म्हणाली, "बाई, तुमी नाई गेल्या? माह्या हातानं पेला जी!"

मी बीए मराठीची, विज्ञान माझा विषय नव्हे. पण त्या आधीची काही वर्षं विदर्भात श्याम मानवांच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाची बरीच चर्चा असायची, आणि मला त्या गोष्टींचं वेड होतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात शास्त्रज्ञांचा खुलासा वाचला. भरलेला चमचा मूर्तीला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ ओघळ होऊन मूर्तीवरून खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसत नाही एवढंच. दुधात रंग घातला की दिसतं.

शनिवारी सकाळची शाळा. लेकीच्या खेळण्यातला मातीचा हत्ती पिशवीत घातला (तिला न विचारता), पावशेर दूध आणि कुंकवाची डबी घेतली. वर्गात टेबलावर हत्ती ठेवला, कुंकू घातलेलं दूध चमच्यानं सोंडेला लावलं. हत्ती दूध प्यायला! पोरं ओरडली. मग एकेकाला जवळ बोलावून दाखवलं, सोंडेवरून खाली पोटापर्यंत लाल ओघळ. मग वीट ठेवली, वीटही दूध प्यायली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मला स्वतःचा किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

शेवटच्या रांगेतला एक मुलगा मात्र जागेवरून उठला नव्हता. शाळा सुटल्यावर तो टेबलाजवळ आला. त्याचे वडील महिनाभर सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती होते, हे मला माहीत होतं. पण गुरुवारी त्याच्या आईनं त्याच्याच हातात चमचा दिला होता आणि सांगितलं होतं की गणपतीनं दूध घेतलं की बाबा घरी येतात, हे मला माहीत नव्हतं. गणपतीनं दूध घेतलं होतं. त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"बाई, मंग माह्या बाबाचं कसं?"

मी काहीतरी बोलले. डॉक्टर चांगले आहेत, औषधं चालू आहेत... तो उभा राहून ऐकत होता. मग दप्तर घेऊन गेला. मी कुंकवाच्या दुधानं चिकट झालेलं टेबल पुसत बसले.

त्याचे वडील पुढे बरे होऊन घरी आले. दिवाळीनंतर त्याची आई शाळेत पेढे घेऊन आली. म्हणाली, "पाहा बाई, गणपतीनं आयकलं न माह्यं!" मुलगा तिच्या शेजारीच उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मान अगदी थोडी हलवली, 'नका सांगू' अशी. दहा वर्षांचं पोर! मी पेढा घेतला आणि म्हटलं, "हो, ऐकलं."

लेकीला यातली अर्धीच गोष्ट माहीत आहे, तिच्या हत्तीची. त्याच्या पोटावरचा लाल डाग शेवटपर्यंत निघाला नाही. "आईनं माझा हत्ती बाटवला" असं ती अजून म्हणते.

एक गंमत मला बरीच उशिरा वाचनात आली. १८९७ साली न्यूयॉर्कमधल्या व्हर्जिनिया नावाच्या आठ वर्षांच्या मुलीनं 'सन' वर्तमानपत्राला पत्र लिहून विचारलं होतं, सान्ताक्लॉज आहे का? वर्तमानपत्रानं अग्रलेखातून उत्तर दिलं की हो, आहे. तो अग्रलेख आजही जगभर छापतात. फ्रान्सिस चर्च यांनी तो लिहिला हे ते १९०६ साली वारल्यावर लोकांना कळलं. तो छापून आला २१ सप्टेंबरला! म्हणजे आमच्या गणपतीनं दूध प्यायच्या बरोबर अठ्ठ्याण्णव वर्षं आधी.

अग्रलेख सुंदर आहे. प्रेम, औदार्य डोळ्यांना दिसत नाही तरी असतं, तसा सान्ता आहे, असा त्याचा रोख. पण मास्तरकीची सवय जात नाही. मुलीनं 'आहे की नाही' एवढंच विचारलं होतं. उत्तरपत्रिकेत कोणी असं लिहिलं असतं तर मी अर्धे गुण दिले असते, प्रश्नाला बगल दिली म्हणून. ती व्हर्जिनिया पुढे स्वतः शिक्षिका झाली. वर्गात तिला किती पोरांनी हाच प्रश्न विचारला असेल कोण जाणे.

सान्ताचं मूळ खरं माणूस आहे म्हणतात. चौथ्या शतकात, आज जो तुर्कस्तान आहे तिथल्या मायरा गावचा बिशप, संत निकोलस. पण आठ वर्षांच्या मुलाला बिशप नको असतो. त्याला हवं असतं ते रात्री कोण येऊन गेलं हे.

१९९४ साली अँडरसन आणि प्रेन्टिस या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सान्तावरचा विश्वास गेलेल्या ५२ मुलांशी आणि त्यांच्या आईबापांशी ते बोलले होते. बहुतेक मुलांना सातव्या वर्षाच्या सुमारास आपलं आपणच कळलं होतं. आणि कळल्यावर ती फारशी हिरमुसली नव्हती, उलट बरंच वाटलं होतं. वाईट वाटलं ते आईबापांना! हे वाचताना मला तो पेढ्यांचा दिवस आठवला.

असो. चोवीस तारखेला मंडळी आली. पार्सल मी गव्हाच्या कोठीत ठेवलं होतं, वर रिकामं पोतं टाकून. दुपारी लेक झोपली. मी अंगणात उन्हात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते, संध्याकाळी सोल्यांची आमटी करायची म्हणून. नातू शेजारी येऊन बसला आणि शेंगा सोलू लागला. निम्मे दाणे तोंडात.

"आजी, कोठीत काय आहे?"

"गहू."

"आणि?"

मी गप्प. वर्धेत वाढलेल्या माणसाचे कान 'सत्य' हा शब्द ऐकून ऐकून लहानपणीच किटलेले असतात. सेवाग्राम एकीकडे, पवनार दुसरीकडे. पण अशा वेळी दोन्हीकडून मदत येत नाही.

"मला माहितीय," तो म्हणाला. "सान्ता नसतो. मागच्या वर्षीच कळलं. चिठ्ठीतला 'ळ' आईसारखा होता."

मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्याची आई 'ळ' काढताना शेवटची गाठ बंद करत नाही. चौथीत असताना त्यावरून माझ्या हातच्या पट्ट्या खाल्ल्या आहेत तिनं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"आईला खूप आवडतं ते. ती आधी महिनाभर ठरवत असते. तू पण नको सांगू. तिला वाईट वाटेल."

मग त्यानं सरळ विचारलं, "तुला माहीत होतं ना?" मी म्हटलं, "हो." इतकी वर्षं मी मनाशी एकच नियम पाळत आले आहे. आपण होऊन सांगायला जायचं नाही, आणि मुलानं डोळ्यांत पाहून विचारलं तर खोटं बोलायचं नाही. त्या शनिवारी मला कोणी विचारलंच नव्हतं, तरी मी सगळ्या वर्गाला उत्तर दिलं होतं.

"तुमच्याकडे यायचा सान्ता?"

"आमच्याकडे कुठला? आमच्याकडे तान्हा पोळा."

मग त्याला आत नेऊन फडताळावरचा आजोबांचा बैल दाखवला. सागाचा, वीतभर, चाकांवरचा, एक शिंग मोडलेलं. त्याला सांगितलं की पोळ्याला शेतकऱ्यांच्या खऱ्या बैलांची पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी पोरांच्या लाकडी बैलांची. नागपूरच्या भोसल्यांनी ही पद्धत पाडली असं म्हणतात. आमच्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा नावाजलेला, तिथे मोठमोठे लाकडी नंदी मिरवतात. बाकी ठिकाणी पोरं बैल सजवून घरोघर नेतात, लोक बैलाला ओवाळतात आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवतात. पूर्वी चार आणे, आठ आणे. आता वीस-पन्नासची नोट.

"आजोबांना माहीत होतं का हा लाकडाचा आहे ते?"

"सुतार घडवत होता तेव्हा समोर बसून होते की!"

"तरी पूजा करायचे?"

"तरी. तोंडापुढे पुरणपोळी ठेवायचे."

"मग ती कोण खायचं?"

"आजोबाच."

तो खूप हसला. मग बैल हातात घेऊन चाकं फिरवून पाहिली. एक चाक अडकत होतं, त्याला खोबरेल तेल लावलं.

ह्या बैलाबद्दल आमच्यात कोणी कोणाला फसवलं नाही. मोठ्यांनाही माहीत असतं, पोरालाही माहीत असतं, ओवाळणाऱ्या शेजारणीलाही. गणपतीचंही तसंच, माती कुठून आणली हे घरातल्या पोरांनी पाहिलेलं असतं आणि दहा दिवसांनी ते स्वतःच त्याला पाण्यात सोडून येतात. कधी कळणार, कोण सांगणार, हा प्रश्नच तिथे उरत नाही. सान्ताचं तसं नाही, त्याला कोणीतरी एकजण अजाण लागतो. आमच्या घरी तो अजाण आता नातू नव्हताच!

हे लिहिण्याआधी त्याला फोनवर विचारलं. म्हणाला, "लिही, पण नावं नको टाकू." लेकीला माझं लिखाण वाचायला सवड नसते. वाचलंच तर वाचलं.

पंचवीसला सकाळी तो उठला, उशाशी हात घातला आणि असा काही ओरडला की मलाही क्षणभर खरं वाटलं. खोक्यात दुर्बीण होती. चिठ्ठी त्यानं मोठ्यानं वाचली, दोनदा. 'ळ' आला तिथे जरा थांबला, माझ्याकडे पाहिलं नाही. मग "सान्ताला कसं कळलं मला हेच हवं होतं?" असं विचारून आईच्या गळ्यात पडला.

थोड्या वेळानं लेक स्वयंपाकघरात आली. डोळे ओले होते. म्हणाली, "आई, किती विश्वास आहे गं त्याचा अजून! अजून एखादं वर्ष तरी टिकेल ना? नंतर सांगू हळूच. कसं सांगायचं ते तू मला सांग, तू इतकी वर्षं पोरांमध्ये काढलीस."

"बघू," म्हटलं, आणि चहा गाळायला घेतला. फडताळावर आजोबांच्या बैलापुढे तुरीचे चार दाणे ठेवलेले होते.