बाईंची रजा

आई नगर जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात उपकेंद्रावर नर्स होती. सरकारी कागदावर एएनएम, गावाच्या तोंडी नुसतं 'बाई'. डोंगराळ भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, असा सरकारी हिशेब. आईच्या वाट्याला पाच वाड्या होत्या. त्यातल्या दोन वाड्यांना पावसाळ्यात रस्ताच नसायचा. बाळंतपणं, लसीकरण, तापाच्या रुग्णांच्या रक्ताच्या काचपट्ट्या, कुटुंबनियोजनाचं टार्गेट, सगळं एकटीनं.

रजेचे प्रकार मला पाढ्यांसारखे पाठ झाले होते. वर्षाला किरकोळ ८. अर्जित ३०, जानेवारीत १५ आणि जुलैत १५ खात्यात पडायच्या. अर्धपगारी २०. आजारपणात पूर्ण पगार हवा असेल तर डॉक्टरचा दाखला जोडून अर्धपगारी रजेचं रूपांतर करून घ्यायचं. म्हणजे १० दिवस अंथरुणात काढले की खात्यातून २० जायच्या. अर्जित रजेला सगळे 'हक्काची रजा' म्हणत. पण १९८१च्या रजा नियमांत सांगितलंय, की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. आई म्हणायची, "नावाची हक्काची. सासरच्या दागिन्यासारखी. दागिना आपला, किल्ली सासूकडं."

मी सातवीत होते तेव्हा भर श्रावणात तिला टायफॉइड झाला. दाखल्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं, ते ११ किलोमीटरवर. एसटी दिवसातून दोनदा. तापानं फणफणलेली आई घोंगडी पांघरून एसटीत बसली. आपण आजारी आहोत हे सांगायला तिला आधी प्रवास करावा लागला. दाखला मिळाला, अर्जही पुढं गेला. पण जागेवर कोण? शेजारच्या उपकेंद्राच्या बाईंकडं अतिरिक्त कार्यभार दिला. त्यांच्या स्वतःच्याच चार वाड्या. कागदावर कुणीतरी होतं, दारात कुणी नव्हतं.

चौथ्या रात्री दोघं बाप्ये कंदील घेऊन आले. "बाई, पोरगी अडलीया. तुमी चालू नगा, आमी झोळीतनं न्हेतो."

झोळी एरवी रुग्णाला आणायला असायची. त्या रात्री तिच्यातून नर्स गेली. टायफॉइड अंगात असताना बाळंतिणीला हात लावायचा नसतो, हे आईला पक्कं ठाऊक होतं. ती उंबऱ्याबाहेरच बसली आणि आतल्या सुईणीला एकेक सांगत राहिली. पाणी उकळ, ब्लेड नवं घे, घाई करू नको. पहाटे पोर रडलं. आई परत आली तेव्हा ताप १०३ होता.

त्या रात्रीच्या कामाची नोंद कुठंच नाही. ती रजेवर होती ना! खात्यातून मात्र त्या दिवसाच्याही दोन रजा गेल्या.

२०१०मध्ये ती निवृत्त झाली. अर्जित रजेचे जास्तीत जास्त ३०० दिवस रोखीनं मिळतात, तेवढे मिळाले. त्यावरच्या बुडाल्या. लोक म्हणाले, "बाईंनी चांगली रजा साठवली की!" तिनं साठवली नव्हती. तिला ती घेता आली नव्हती.

रुग्णालयात किती नर्स लागतील हे ठरवताना, रजेवर जाणाऱ्यांसाठी तीस टक्के जादा पदं धरावीत, असं भारतीय परिचर्या परिषदेचं मानक आहे. म्हणजे माणूस आजारी पडणार, त्याच्या घरी लग्न-मयत होणार, हे तिथं आधीच धरलेलं असतं. उपकेंद्रावर एकच नर्स. एकीचे तीस टक्के म्हणजे किती?

२००५ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि कंत्राटी नर्स आल्या. आमच्या नात्यातली एक मुलगी तशीच लागलीय. अकरा महिन्यांचा करार. तो संपला की उरलेली रजा संपली, नव्या करारात खातं पुन्हा कोरं. मोठं दुखणं आलं की पगार कापला जातो. म्हणून ती तापातही गोळी घेऊन लसीकरणाला जाते, तान्ह्या पोरांमध्ये बसते. यात तिचं भलं नाही, आणि त्या पोरांचं तर नाहीच.

ती मध्यंतरी आईला भेटायला आली. रजा वाढवून मिळावी म्हणून त्या सगळ्या निवेदन देणार होत्या, त्याचा मसुदा दाखवत होती. आईनं चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाली, "दिवस मागताय ते बरोबरच हाये. पण पहिल्या ओळीत बदलीचं माणूस मागा. नाहीतर रजा मंजूर होईल, आन् कंदील दारात येईलच."