गंगनमच्या टेकडीवरील कुक्कीवोन

सोल शहरातून वाहणारी हान नदी ओलांडून दक्षिणेस आले की गंगनमचा गजबजलेला व्यापारी भाग लागतो. काचेच्या उत्तुंग इमारतींमधून थोडी चढण चढताच कौलारू छपराची एक भव्य वास्तू समोर येते. हेच कुक्कीवोन, तायक्वांदोचे मुख्यपीठ. ३० नोव्हेंबर १९७२ रोजी ते खुले झाले.

तायक्वांदोला हजारो वर्षांची अखंड परंपरा असल्याचे अभिमानाने सांगितले जाते. इतिहास थोडा निराळा आहे. १९१० ते १९४५ या काळात कोरियावर जपानची सत्ता होती. अनेक कोरियन तरुण जपानमध्ये कराटे शिकले आणि मायदेशी परतून त्यांनी ‘क्वान’ म्हणजे आखाडे उघडले. प्रत्येक क्वानची रीत वेगळी, विद्येचे नावही वेगळे. १९५५ मध्ये ‘तायक्वांदो’ हे नाव पुढे आले: पाय, मूठ आणि मार्ग. तेक्क्योन या देशी खेळातील पदलालित्याची आठवणही त्यात होती. पुढे क्वानांनी आपली स्वतंत्र ओळख मागे ठेवून एकच पदवी मान्य केली. पिढीजात पेढीची पाटी उतरवण्याइतकेच ते कठीण होते.

कराटेच्या तत्कालीन सामन्यांत प्रहार अंगाला लागण्यापूर्वी थांबवीत. कोरियन गुरूंनी छातीला कवच बांधले आणि पूर्ण ताकदीच्या लाथेला मुभा दिली. येथूनच विद्येचा खेळ झाला. मे १९७३ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा याच वास्तूत भरली. सोल (१९८८) आणि बार्सिलोना (१९९२) येथे प्रात्यक्षिक म्हणून खेळला गेलेला तायक्वांदो २००० साली सिडनीत ऑलिंपिक पदकाचा मानकरी ठरला.

पदकासोबत गुणांचा हिशेबही आला. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इलेक्ट्रॉनिक कवच आले. पंचाच्या नजरेतील पक्षपाताची शंका कमी झाली. पण पुढचा पाय उचलून नुसता स्पर्श साधण्याची युक्तीही बोकाळली. म्हणून गिरकी घेऊन मारलेल्या लाथेचे मोल वाढविण्यात आले. आज ठोशाला एक गुण, तर डोक्यावर बसलेल्या गिरकीच्या लाथेला पाच.

तेक्क्योनची वाट मात्र निराळी राहिली. १९८३ मध्ये कोरियाने त्याला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला, तर २०११ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद घेतली.

एकट्याने करावयाच्या ‘पूमसे’ या आकृतिबंधांच्याही २००६ पासून जागतिक स्पर्धा होतात. तरीही काळ्या पट्ट्याच्या ‘दान’ परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी कुणाला हरवण्याची अट नसते. ‘दो’ या अक्षराचा, म्हणजे मार्गाचा, अर्थ तेवढ्यापुरता तरी शाबूत आहे.