आमेद : समुद्रकाठचे घर आणि उतारवय

बाली बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, करंगासेम जिल्ह्यात, आमेद नावाची वस्ती आहे. ती एकसंध गाव नसून लहान लहान कोळीवाड्यांची माळच आहे. आमेद, जेमेलुक, बुनुतान, लिपाह अशा वाड्यांना जोडणारा अरुंद रस्ता डोंगर आणि समुद्र यांच्यामधून वळणे घेत जातो. येथील वाळू काळी, ज्वालामुखीची. पाठीशी तीन हजार मीटरांहून उंच असा गुनुंग आगुंग हा जागृत ज्वालामुखी उभा आहे. छायाचित्रांत दिसणारी बालीची हिरवी भातखाचरे या किनाऱ्यावर आढळत नाहीत. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. कोरड्या महिन्यांत पाणी जपून वापरावे लागते. पहाटे अंधारातच कोळी आपल्या ‘जुकुंग’ नावाच्या उलांडीच्या होड्या समुद्रात लोटतात आणि ऊन तापण्यापूर्वी परततात.

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या साठीपुढील मंडळींच्या बोलण्यात अलीकडे एक विषय वारंवार निघतो : निवृत्तीनंतर समुद्रकाठी राहावे. कोणाला कोकण खुणावते, तर ज्यांची मुले सिंगापूर वा जकार्ता येथे आहेत त्यांना बालीतील घराची स्वप्ने पडतात. गेल्या वर्षी कोरड्या हंगामात आम्ही उभयता आमेदला आठ दिवस राहिलो. तेथे वृद्ध माणसे कोणाच्या आधाराने आणि कोणत्या हक्काने राहतात, हे मी डॉक्टरच्या नजरेने पाहत होतो.

मीठ आणि जमीन

आमेदचे मीठ प्रसिद्ध आहे. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. समुद्राचे पाणी खांद्यावरून वाहून आणून तयार केलेल्या मातीवर शिंपडतात. ती खारवलेली माती बांबूच्या शंकूसारख्या गाळणीत भरून तीतून पुन्हा पाणी गाळतात आणि ते दाट खारे पाणी नारळाच्या खोडाच्या कोरीव पन्हळींत उन्हात वाळवतात. पन्हळीच्या तळाशी पांढरे स्फटिक उरतात. हे काम करणाऱ्यांत पाठ वाकलेली वृद्ध माणसेही दिसतात.

किनाऱ्यावरील ही मिठागरे मात्र वर्षागणिक कमी होत गेली. मीठ पिकवणारे अनेकजण ज्या जमिनीवर राबत, ती त्यांच्या मालकीची नव्हती. पर्यटन वाढले, किनाऱ्यालगतच्या जमिनीचे मोल चढले, मालकांनी ती हॉटेलांना दिली आणि पिढ्यान्पिढ्यांचे कौशल्य हाती असूनही माणसे जागेवरून उठली. घामावर हक्क असतो, पण जमिनीवर तो कागदानेच सिद्ध होतो, हे या किनाऱ्याने पाहिले आहे.

येथे डॉक्टर म्हणून एक सूचना. हे मीठ सुंदर वेष्टनांत ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाते. चव उत्तम, परंतु रक्तदाबाच्या दृष्टीने तेही मीठच आहे. दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा त्यालाही लागू आहे. शिवाय पारंपरिक मिठात आयोडीन मिसळलेले असेलच असे नाही.

घर कोणाचे?

येथे जमीन ‘आर’ या मापात मोजतात. सातबारा वाचणाऱ्या आपल्या वाचकांना हे माप परके नाही : एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, जवळजवळ एक गुंठा. मालकी हक्काला इंडोनेशियात ‘हक मिलिक’ म्हणतात. ‘हक्क’ आणि ‘मालक’ या आपल्या शब्दांचेच ते अरबीतून आलेले भाऊबंद. शब्द ओळखीचे वाटले तरी तो हक्क परक्याला मिळत नाही. १९६० च्या कृषिभूमी कायद्यानुसार हक मिलिक व्यक्तींपैकी केवळ इंडोनेशियाच्या नागरिकालाच मिळतो. वारसाने असा हक्क परदेशी व्यक्तीकडे आला तरी एका वर्षाच्या आत तो सोडावा लागतो.

त्यामुळे परदेशी माणसापुढे दोन सरळ मार्ग उरतात : दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, किंवा वास्तव्याचा परवाना असल्यास ‘हक पाकाई’ म्हणजे वापराचा हक्क. तिसरा मार्ग दलाल सुचवतात : जमीन स्थानिक माणसाच्या नावावर घ्यायची आणि आपसांत वेगळा कागद करायचा. हा मार्ग धोक्याचा आहे. परदेशी व्यक्तीकडे आडवाटेने मालकी नेणारा व्यवहार कायद्याने रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होऊ शकते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

आता भाडेपट्ट्याचा हिशेब वयाशी जोडून पाहा. साठाव्या वर्षी २५ वर्षांचा करार केला, तर तो पंचाऐंशीव्या वर्षी संपतो. पायऱ्या चढवत नाहीत, स्मरण अधूनमधून दगा देते, नवे घर अंगवळणी पडणे अशक्यप्राय होते, नेमक्या त्या वयात घर सोडण्याची पाळी येते. वृद्ध माणसाला जागा बदलल्याने होणारा त्रास मी नित्य पाहतो : दिशाभूल, पडणे, झोप उडणे, खाणे सुटणे. तिशीतल्या माणसासाठी पंचवीस वर्षे दीर्घ असतात. साठीतल्या माणसाने ती उलटी मोजावीत.

अंगणातले आजी-आजोबा

आमेदच्या वृद्धांकडे अशी मुदत नसते. बालीतील हिंदू कुटुंब एका कुंपणाच्या आत, निरनिराळ्या लहान इमारतींत राहते. मधे अंगण, कोपऱ्यात कुळाचे देवघर. मुलगा लग्नानंतर तेथेच राहतो आणि आईवडिलांचा सांभाळ करतो. मुलगा नसेल तर मुलीला वारस ठरवून जावई घरी आणण्याची रीतही आहे. आजोबांना ‘पेकाक’ आणि आजींना ‘दादोंग’ म्हणतात. आमच्या मुक्कामाजवळच्या अंगणात एक दादोंग रोज सकाळी नैवेद्यासाठी माडाच्या पातीचे लहान द्रोण विणत बसत. डोळ्यांत मोतीबिंदू दिसत होता, परंतु बोटे थांबत नव्हती. शेजारी नातवंडे, समोर चूल, येणाऱ्याजाणाऱ्याची हाक. यातले काहीही औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही.

घराबाहेर ‘बंजार’ असतो, म्हणजे शेजाऱ्यांची परंपरागत संघटना. तिचा लाकडी ‘कुलकुल’ वाजला की लोक जमतात. मृत्यू, उत्सव, संकट या साऱ्यांचा भार वाटून घेतला जातो. त्या बदल्यात प्रत्येक घराने श्रम आणि वेळ द्यायचा असतो. हे नाते पिढ्यान्पिढ्यांच्या कर्तव्यातून तयार होते. भाडेपट्ट्याबरोबर ते विकत मिळत नाही.

दवाखाना किती दूर?

प्राथमिक उपचारांसाठी तालुक्याच्या पातळीवर ‘पुस्केसमास’ ही सरकारी आरोग्य केंद्रे आहेत. ‘पोस्यांदू’ या गावपातळीवरील उपक्रमात ज्येष्ठांचे वजन व रक्तदाब तपासतात. १ जानेवारी २०१४ पासून राष्ट्रीय आरोग्य विमा सुरू झाला आहे. पर्यटकाला मात्र त्याचा लाभ नाही.

जिल्हा रुग्णालय आम्लापुरा येथे, वळणाच्या रस्त्याने सुमारे वीस किलोमीटरांवर आहे. मोठ्या उपचारांसाठी देनपसार गाठावे लागते आणि त्यास दोन ते तीन तास लागू शकतात. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन हवा असतो. मध्यरात्री वाहन मिळवण्यात गेलेला वेळ यातूनच वजा होतो.

आगुंगची सावलीही विसरता येत नाही. १९६३ च्या उद्रेकात हजाराहून अधिक माणसे दगावली. २०१७ मध्ये पर्वत पुन्हा जागा होऊ लागला, तेव्हा एक लाखाहून अधिक लोकांना हलवावे लागले. अशा वेळी चालता न येणाऱ्या माणसाला कोण उचलणार, याचे उत्तर आधीच ठरलेले असावे लागते.

जाणार असाल तर

महिना-दोन महिन्यांच्या मुक्कामासाठी आमेद रमणीय आहे. जाताना पुरेशी औषधे, मूळ चिठ्ठी आणि औषधांची मूळ नावे जवळ ठेवा. अन्य शहरात हलवण्याचा खर्च देणारा प्रवास विमा घ्या. पिण्यास बाटलीबंद किंवा उकळलेले पाणीच वापरा. डेंग्यूच्या डासांपासून दिवसाही जपा. बालीत २००८ पासून रेबीज आहे. कुत्रा वा माकड चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्या.

कायमचे राहण्याचा विचार असेल तर, मग गाव आमेद असो की अन्य कोणते, पती-पत्नींनी आणि मुलांनी एकत्र बसून चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. या घरात राहण्याचा माझा हक्क कोणत्या वयापर्यंत आहे? मी गेल्यावर तो माझ्या जोडीदाराकडे राहील, असे करारात लिहिले आहे का? मध्यरात्री स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात मी किती वेळात पोहोचेन? आणि माझी हाक ऐकून पहिल्यांदा कोण येईल? यांतील एकाही प्रश्नापुढची जागा कोरी राहिली, तर घर विकत वा पट्ट्याने घेण्याची घाई करू नये. दर हिवाळ्यात पाहुणे म्हणून जावे आणि समुद्राचा आनंद घेऊन आपल्या माणसांत परतावे.