वय झालं!

मराठी भाषेत दोन शब्दांचे एक वाक्य मोठे सोयीचे आहे : ‘वय झालं!’ घरातल्या म्हाताऱ्या माणसाला धाप लागली, सदरा अंगावर ढगळ दिसू लागला, खोकला हटेना, की हे वाक्य म्हणावे आणि निश्चिंत व्हावे. त्याला ना पदवी लागते, ना नाडी पाहावी लागते.

आमचे अण्णा ७६ वर्षांचे. घर मालाडच्या पूर्वेला, पण भाजी मात्र स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेहूनच आणायची, हा त्यांचा हट्ट. यंदा पुलावर ते मध्येच थांबू लागले. शेजाऱ्यांनी वरील निदान फुकट केले. अण्णांनी विडी सोडून वीस वर्षे झाली होती; पण विडी माणसाला इतक्या लवकर विसरत नाही. छातीच्या फोटोत डाग निघाला. आपल्याकडे असा डाग पुष्कळदा क्षयाचा समजला जातो आणि त्यात महिने वाया जातात. सुदैवाने अण्णांचा तुकडा लगेच तपासला गेला. फुप्फुसाचा कर्करोग, आणि तोही पसरलेला.

मग घरात सभा भरली. “या वयात कशाला त्यांचे हाल?” थोरला म्हणाला. “त्यांना सांगूच नका,” आत्याबाईंनी बजावले. पण मालाडच्या दोन खोल्यांत गुपित राहते थोडेच! आतून आवाज आला, “अरे, माझ्या छातीची सभा, आणि मलाच आमंत्रण नाही?”

परळचे टाटा रुग्णालय १९४१ सालचे. वृद्ध रोग्यांना पारखण्याची निराळी सोय तिथे अलीकडची. तिथे जन्मसालापेक्षा दुसऱ्याच गोष्टींची चौकशी फार : खुर्चीतून उठून चालता किती वेळात? आंघोळ स्वतः करता? जेवण किती? गोळ्या किती? विसरता का? घरी कोण असते?

फ्रान्समध्ये सत्तर ते एकोणनव्वद वर्षांच्या ४५१ रोग्यांवर झालेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. एका औषधाऐवजी दोन दिली, तेव्हा आयुष्याचे मध्यमान ६.२ महिन्यांवरून १०.३ महिन्यांवर गेले. त्रासही वाढला, औषधानेच दगावलेलेही होते. काहींना आता नुसत्या गोळ्याही चालतात, पण त्यासाठी गाठीतला विशिष्ट बदल सापडावा लागतो. आणि ज्याला हे काहीच नको, त्याची धाप नि वेदना कमी करणे हाही उपचारच.

“चार महिने म्हणजे गणपती ते संक्रांत,” अण्णांनी हिशेब केला. “पण डॉक्टर, पूल चढता येईल का?”

“वचन देत नाही. सोसेल तेवढंच देऊ, आणि तुम्ही म्हणाल तेव्हा थांबू.”

“मग द्या.”

सध्या औषधानंतरचे चार दिवस अण्णा अंथरुणाला खिळतात. पाचव्या दिवशी पिशवी मागतात. कधी पूल पार होतो, कधी अर्ध्यावरून परततात. परवा शेजारचे गृहस्थ हळहळले, “अण्णा, आता वय झालं हो!”

“झालं ना,” अण्णा म्हणाले, “म्हणून तर आता मला विचारल्याशिवाय काही ठरवत नाहीत.”