तपासणीचा शेरा

शाळेची तपासणी म्हटली की आम्हां शिक्षकांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती धावपळ. आम्ही उभयतांनी वसई परिसरातील मराठी माध्यमाच्या शाळांत तीस-बत्तीस वर्षे अध्यापन केले. साहेब येणार असा निरोप आला की टाचणवह्या पुऱ्या होत, कॅटलॉगवरील बेरजा जुळत, भिंतींवर नवे तक्ते लागत आणि अंगण दोनदा झाडले जाई. जाताना साहेब शेरेबुकात चार ओळी लिहून सही करीत. ‘काम समाधानकारक’ एवढे दोन शब्द वाचून सर्वांना हायसे वाटे आणि शेरेबुक पुन्हा कपाटात जाई. पालकांनी ते कधी पाहिल्याचे आम्हांला आठवत नाही. त्यांनी ते मागितल्याचेही आठवत नाही.

गेल्या वर्षी मात्र पालकांच्या बाजूला बसून एक अहवाल वाचण्याचा योग आम्हांला आला. आमची कन्या व जावई नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये स्थायिक आहेत. नात तेथील एका स्वतंत्र कॅथलिक शाळेत शिकते. स्वतंत्र म्हणजे सरकारी अनुदानाविना, पालकांच्या फीवर चालणारी. जानेवारी २०२५ पासून अशा शाळांच्या फीवर २० टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला आणि पगारावर जगणाऱ्या घरांचे हिशेब विस्कटले. मुलीला तेथेच ठेवावे की सरकारी खर्चाने चालणाऱ्या जवळच्या कॅथलिक शाळेत घालावे, असा पेच उभयतांपुढे पडला. त्याच सुमारास शाळेची तपासणी झाली व निकाल चांगला लागला. कन्येने अहवाल पाठवून लिहिले, “आईबाबा, तुम्ही दोघेही शिक्षक. वाचून सांगा, एवढी ओढाताण करावी अशी ही शाळा आहे का?”

जुन्या सवयीने आम्ही प्रथम शेरा शोधला. तो सापडेना. चौकशीअंती उलगडा झाला. तेथील बहुतेक नामांकित स्वतंत्र शाळांची तपासणी ‘इंडिपेंडंट स्कूल्स इन्स्पेक्टोरेट’ ही संस्था करते. पूर्वी ती ‘उत्कृष्ट’, ‘चांगले’ अशी श्रेणी देत असे. सप्टेंबर २०२३ पासून तिने ती पद्धत सोडली. आता शाळेने कायद्याने ठरविलेली मानके पाळली की नाही एवढाच निवाडा दिला जातो. बाकी सारे वर्णन. कारभार, अध्यापन, मुलांचे शारीरिक व मानसिक आरोग्य, समाजाप्रती त्यांची जाण आणि त्यांची सुरक्षितता, असे त्याचे भाग असतात. तपासनीसांत इतर शाळांचे मुख्याध्यापक व अनुभवी शिक्षकही असतात. विद्यार्थी, पालक व कर्मचारी यांची मते मागवली जातात. अहवाल कोणालाही वाचता येतो.

एका शब्दाचा शेरा किती जड होऊ शकतो, याचा दुःखद अनुभव त्या देशाने घेतला आहे. सरकारी शाळांची तपासणी ‘ऑफस्टेड’ हे खाते करते. रेडिंग येथील प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका रुथ पेरी यांच्या शाळेची श्रेणी सर्वोच्च पायरीवरून एकदम तळाला येणार असे तपासणीत ठरले. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी आपले जीवन संपविले. त्या मृत्यूला तपासणीचाही हातभार लागला, असा निष्कर्ष डिसेंबर २०२३ मध्ये न्यायचौकशीत नोंदवला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी शाळांसाठीचा तो एका शब्दाचा एकूण शेराही रद्द झाला.

शेऱ्याचे हे ओझे तेथे नवे नाही. १८६२ साली इंग्लंडने निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत आणली. तपासनीस येऊन मुलांचे वाचन, लेखन व गणित तपासत; जितकी मुले उत्तीर्ण, तितका शाळेला पैसा. १८५१ ते १८८६ अशी पस्तीस वर्षे तपासनीस म्हणून काम केलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या पद्धतीवर सतत टीका केली. तिने शिक्षण यांत्रिक होते, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडेही अनुदान व तपासणी यांची जोडी १८५४ च्या वुडच्या खलित्यातून आली. साहेबांच्या निरोपाने आमची जी तारांबळ उडे, तिची मुळे इतकी जुनी आहेत.

असो. शेरा नाही म्हटल्यावर आम्ही अहवाल पहिल्या ओळीपासून वाचू लागलो. सर्व मानके पूर्ण झाली होती. परंतु मानके पूर्ण होणे ही शाळेची पहिली पायरी. तेवढ्यावर कोणाला सल्ला देता येत नाही. आमचे लक्ष दोन ठिकाणी थांबले. पहिले असे की, मन दुखावले तर कोणाकडे जायचे हे मुलांना ठाऊक आहे, आणि गेल्यावर आपले ऐकून घेतले जाते असा त्यांना विश्वास आहे, अशी नोंद होती. टाचणवही रात्रीतून पुरी करता येते. लेकरांचा विश्वास रात्रीतून उभा करता येत नाही.

दुसरे होते अखेरच्या सूचनेत. काही वर्गांत शिक्षक वहीवर शेरा देतात, परंतु पुढे नेमके काय सुधारावे हे त्यातून मुलाला कळत नाही, असे तपासनीसांनी लिहिले होते. म्हणजे शेऱ्याविषयीच शेरा! मुख्याध्यापिकाबाईंनी पालकांना धाडलेल्या पत्रात स्तुतीच्या ओळींबरोबर ही ओळही होती, आणि ती उणीव कशी भरून काढणार हेही होते. शाळेवरचा आमचा भरवसा वाढला तो या पत्राने.

कॅथलिक शाळेला आणखी एक नजर असते. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे ८०६ वे कलम बिशपांना आपल्या धर्मप्रांतातील कॅथलिक शाळांना भेट देण्याचा अधिकार देते. व्रतस्थांच्या शाळाही त्यातून सुटत नाहीत. आपल्या शाळेतील शिक्षण त्या भागातील इतर शाळांच्या तोडीचे असावे, अशी जबाबदारीही तेच कलम चालकांवर टाकते. नुसते नाव संताचे असून भागत नाही, असाच त्याचा अर्थ.

आम्ही कन्येला कळविले: शाळा चांगली आहे, यात संशय नाही. मात्र हिचा अहवाल चांगला म्हणजे दुसरी शाळा कमी, असे होत नाही. तिचाही अहवाल याच बारकाईने वाचा, मगच ठरवा. त्यांनी दोन्ही वाचले आणि नातीला तूर्त तेथेच ठेवले. जावयांनी शनिवारची जादा पाळी घेतली आहे. बापाचा शनिवार हीदेखील फीच आहे, आणि तिची पावती कोणत्याही अहवालात मिळत नाही, हेही आम्ही स्पष्ट लिहिले. वर्षअखेरीस फेरविचार करण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

आपल्या धर्मग्रामांतील शाळा आपल्या पूर्वजांनी पोटाला चिमटा घेऊन उभारल्या. त्यांच्याविषयी आपण अभिमानाने बोलतो. परंतु त्यांच्या तपासणीत काय निघाले, हे पालकसभेत कितीजण विचारतात? दोष काढण्यासाठी विचारावे असे नव्हे. चांगले लिहिले असेल तर शिक्षकांचे आभार मानावेत, उणे लिहिले असेल तर आपला हात कोठे लागेल ते पाहावे. शेरा साहेब लिहून जातात. मुले मात्र आपल्याच घरी परततात.